झाला काय अंधार?

पुसदच्या आमच्या घराला आता स्लॅब आहे, आणि तो गळतो. दर उन्हाळ्यात एक तरुण गडी येतो, वर जाऊन काळं काहीतरी फासतो, "आता दहा वर्षं पाहणं नाही, मावशी" असं सांगून जातो, आणि श्रावणात माझ्या पलंगाच्या पायथ्याशी पुन्हा पातेलं येऊन बसतं. यंदा मी त्याला म्हटलं, "अरे, एकदा खाली घरात येऊन तर पाहा, कुठून येतं ते." तो हसला. "खालून काय दिसते, मावशी? काम तं वरतं हाय." मी जन्मभर मास्तरकी केलेली बाई, उलट बोलणाऱ्याला सहसा सोडत नाही. पण त्या दिवशी गप्प बसले, कारण मला उकंडजी आठवले.

घर खालून पाहायचं असतं, भर दिवसा, दारं-खिडक्या लावून, हे मी उकंडजींकडून शिकले. त्यांच्याकडून म्हणण्यापेक्षा त्या दोघांकडून. उकंडजी एकटे कुठल्या घरी आलेत असं मी पहिली चार वर्षं पाहिलंच नाही. ते वर छपरावर असायचे आणि त्यांची बायको पंचफुलाबाई खाली, अंधारात.

सत्तावन्न साली बोरी अरबपासून तीन कोसांवरच्या एका गावी मी शाळेत रुजू झाले. वय बावीस. गावात मास्तरीण म्हणून आलेली पहिलीच बाई मी, त्यामुळे सगळं गाव मला नुसतं 'बाई' म्हणायचं. राहायला दोन खोल्यांचं मातीच्या भिंतींचं घर मिळालं, वर देशी कवेलू, म्हणजे कौलं. घरमालक दारव्ह्याला असत. त्यांनी निरोप पाठवला, "अखजी झाली की उकंडा येईल, घर फेरून देईल." अखजी म्हणजे अक्षय तृतीया, आणि शाकारणीला तिकडे फेरणं म्हणतात. सगळी कवेलू काढायची, झाडायची, फुटकी टाकायची, चांगली पुन्हा लावायची. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं.

एके सकाळी एक उंच, वाळकं माणूस दारात उभं राहिलं. राम राम नाही, नाव नाही. मान वर करून माझ्या आढ्याकडे बघत उभं. मागे ठेंगणी, गोल चेहऱ्याची, हातात वेळूची काठी घेतलेली बाई. तिनेच सांगितलं, "फेराले आलो जी बाई. भांडे-कुंडे झाका, अन् तुमी बाहेर बसा. मी अंदर राह्यतो." आणि तिने मला माझ्याच घराबाहेर काढून आतून दार लोटून घेतलं.

दिवसभर काम चाललं. उन्हं कलली तशी मला उत्सुकता आवरेना, म्हणून दार ढकलून आत गेले. आत काळोख होता आणि त्या काळोखात वर बारीक बारीक उजेडाचे ठिपके. पंचफुलाबाई मधोमध उभी राहून एकेका ठिपक्याखाली काठीने ठक ठक करत होती. ठक ठक केलं की वरून पावलं त्या जागी यायची, कवेलू सरकल्याचा आवाज यायचा आणि ठिपका विझायचा. मग दुसरा. ती एक शब्द बोलत नव्हती, वरून तोही नाही. शेवटचा ठिपका विझला तेव्हा मला माझा हात दिसेना. मग वरून आवाज आला, "काव, झाला काय अंधार?"

"झाला. उतरा आता."

वर सामसूम. थोड्या वेळाने बिडीचा वास आला. पंचफुलाबाईने काठी जोरात आपटली. "उतरा म्हन्लं नं जी!" तेव्हा कुठे शिडी करकरली.

पुढे मी हे गावातल्या कितीतरी घरांत ऐकलं. पहिल्या हाकेला ते कधी उतरले नाहीत. काम झाल्यावरची ती बिडी आढ्यावर बसूनच ओढायची आणि दुसऱ्या हाकेची वाट बघायची, हे ठरलेलं. मी एकदा पंचफुलाबाईला विचारलं, "रागावत नाही का तुम्ही?" ती म्हणाली, "घरी बोलाले येळ कुठी असते बाई? तेवढंच बोलनं होते आमचं." आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

उकंडजींचं नाव उकंडा, कारण त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली होती. चौथं जगावं म्हणून आईने जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीने उचलून परत दिलं. "मले फेकून देल्लं व्हतं, म्हनून मी हाव," असं ते कधीमधी म्हणत. एरवी बोलणं कमी. जमिनीवर चालताना ते इतके बेंगरूळ दिसायचे की लहान मुलं नक्कल करायची. छपरावर मात्र बांबूच्या नेमक्या जोडावर पाऊल पडायचं, एक कवेलू कधी पायाखाली फुटलं नाही. कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे नाही, वर बघायचे. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले होते. परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे? म्हणाले, "आढ्यानं बाक घेतला हाय, पन अजून पाच-सात वर्सं कायी होत नाई." मुलगी त्यांनी पाहिलीच नव्हती. लग्न झालं ते. सून चांगली निघाली.

एकदा मी त्यांना वर्गात बोलावलं. चौथीला हवामानाचा धडा होता आणि पुस्तकात जे होतं ते आमच्या मुलांना समुद्राकाठचं वाटायचं. उकंडजी दोन कवेलू घेऊन आले. खुर्चीवर बसेनात, शाळेच्या छपराकडे बघत बसले. मी म्हटलं, "सांगा ना मुलांना काहीतरी." त्यांनी एका कवेलूवर टिचकी मारली, खण्ण वाजलं. दुसऱ्यावर मारली, ते नुसतं थप झालं. "हे भाजलं हाय. हे कच्चं हाय, हे पानी पेते. पानी पेलेलं कवेलू हिवाळ्यात फुटते, तुमाले वाटते वांदरानं फोडलं." मुलं खिदळली. मग त्यांना जरा तार लागली. टेकडीवरच्या तांड्यात घरांवर गवत का, हे त्यांनी विचारलं. एक मुलगा तांड्यातलाच होता, तो म्हणाला, आमच्याजवळ कवेलू नाहीत म्हणून. उकंडजींनी मान हलवली. "नाई रे बापू. तुह्या बुढ्याले मीच नाई म्हन्लो व्हतो. टेकडीवर वारा हाय. कवेलू वाऱ्याशी भांडते अन् पडते. गवत त्याले वाट देते. दोन वर्साले बदला, पन ज्याच्या त्याच्या जाग्यावर ज्याचं त्याचं." मग म्हणाले, वऱ्हाडात जिकडे पाऊस कमी तिकडे मातीचं सपाट धाबं चालतं, आपल्याकडे ते चालत नाही, कारण झड लागली की पाणी थांबतं. "थांबलेलं पानी घर खाते. कुठून आलं ते नोका पाहू. कुठी थांबलं ते पाहा." एवढं बोलून ते उठले आणि जाताना शाळेच्या पन्हळीत साचलेला कडुलिंबाचा पाला काढून गेले. धडा माझा राहूनच गेला, पण त्या वर्षी हवामानाच्या प्रश्नाला सगळी मुलं पास झाली.

वानरांवर गाव चिडलेलं असायचं. माळवं खायला टोळी आली की ती छपरा-छपरावरून उड्या मारत जायची आणि कवेलू चाळवली जायची. लोक दगड मारत. उकंडजी त्यांना अडवत फिरायचे. "वांदर एक कवेलू फोडते, तुमचा गोटा चार फोडते. कायले मारता?" लोक म्हणायचे, उकंड्याला वानरं आवडतातच, त्याचं काम वाढवतात ना. ते ऐकून घ्यायचे.

आणि मग टिन आलं. एकोणसाठ साली गावच्या पाटलांनी कवेलू उतरवून घरावर टिनाचे पत्रे घातले. गाव बघायला लोटलं. उन्हात ते घर लांबून डोळ्यांत जायचं. पाटलांनी मुद्दाम उकंडजींना बोलावून विचारलं, "काय उकंडा, कसं वाटते?" उकंडजी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खालून बांबूचा तट्टा टाका जी, नाई तं वैशाखात आत बसनं नाई व्हनार. अन् कडेले गोटे ठेवा, वावधन येते." पाटील हसले, म्हणाले, तुझा धंदा बसला म्हणून बोलतोस. गोटे ठेवले नाहीत. वैशाख आला तशी पाटलांची म्हातारी आई बाज उचलून गोठ्यात जाऊन राहिली. गोठ्यावर जुनी कवेलू होती. "मी काय पापड हाव भाजाले?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पुढच्या चैत्रात वावधन सुटलं, दिवसाचं आभाळ लाल झालं, आणि पाटलांच्या घरावरचे दोन पत्रे उडून विहिरीपलीकडे पडले. नशीब, कुणाला लागले नाहीत. पाटलांनी नवे आणून पक्के ठोकले. ते दोन चेपलेले पत्रे गोठ्यामागे पडून राहिले. उकंडजींना कुणी चिडवून विचारलं, आता काय म्हणता, तर म्हणाले, "मी कायी नाई म्हनत. टिनाची चूक नाई, ठोकनाऱ्याची हाय." त्यांना जिंकल्याचा आनंद वगैरे काही झाला नव्हता. हे मी लिहून ठेवते, कारण नंतर लोक म्हणाले की त्यांना टिनाशी वैर होतं.

आता त्यांच्या स्वतःच्या घराचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच हे सगळं लिहायला बसले आहे.

उकंडजींचा एक नेम होता. अखजीपासून फेरणीला सुरुवात. आधी ज्या घरी बाळंतीण असेल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल ती घरं, मग बिनपुरुषाची घरं, मग बाकीचं गाव, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं. मृगाच्या दोन-चार सरी येऊन गेल्या की मध्ये उघाड पडते, त्या उघाडीत ते स्वतःच्या घरावर चढत. त्यांच्या वडिलांचं तसं सांगणं होतं. फेरणाऱ्याचं घर आधी झालं की त्याला दुसऱ्याच्या गळतीचा विसर पडतो, म्हणून. "आपल्या अंगावर थेंब पडला का दुसऱ्याचा थेंब ध्यानात राह्यते," असं ते मला म्हणाले होते. मला ते तेव्हा फार थोर वाटलं होतं. बावीस-तेवीस वर्षांच्या वयात अशी वाक्यं थोरच वाटतात.

पंचफुलाबाईला ती थोरवी पुरत होती असं नाही. दर वर्षी मृगाच्या सरी तिच्या चुलीत पडायच्या. ती माझ्याकडे पीठ चाळायला चाळणी मागायला यायची तेव्हा म्हणायची, "साऱ्या गावच्या घरात मी अंधार केला बाई, माह्याच घरात उजेड." सांगायची हसत, पण साठ साली ती हसली नाही. पश्चिमेची भिंत वरून भिजून भिजून भुसभुशीत झाली होती. बोट लावलं की माती निघायची. तिने मला नेऊन दाखवलं. "औंदा झालं कसंबसं. पुढच्या वर्सी आपलं पयले, असं कबूल करून घेतलं म्या त्याइच्यापासून," ती म्हणाली. "देवाची शप्पत घातली."

एकसष्ट साली उकंडजींनी शब्द अर्धा पाळला. पहिलं नाही केलं, बाळंतिणींची दोन घरं आणि बिनपुरुषाची पाच आधी झाली, मग बाकीचं गावही मागे लागलं. पण मृगाच्या आधी नाही तरी मृगाच्या पहिल्या उघाडीच्या पहिल्या दिवशी ते खरंच स्वतःच्या घरावर चढले. गावातलं माझं घर तेवढं राहिलं होतं, तरी या वेळी ते थांबले नाहीत. माझ्याकडे गळायचं ते एका जागी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आणि मीच आधी म्हटलं होतं, माझं मागाहून करा. गुरुवार होता. संध्याकाळपर्यंत पश्चिमेकडची सगळी कवेलू उतरवून त्यांनी अंगणात रचली होती आणि खालचे कुजके बांबू काढायला घेतले होते.

त्याच गुरुवारी मला पत्र आलं. यवतमाळची मंडळी रविवारी मला पाहायला येणार होती. मुलगा तहसील कचेरीत कारकून. मी सव्वीस वर्षांची, माझ्या वडिलांनी पत्राच्या खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं, या वेळी काही कमी पडू देऊ नकोस. मी घरात चौफेर पाहिलं. कोपऱ्यात पाण्याचे ओघळ, भिंतीवर हिरवट डाग, खाली पातेलं. पाहुणे तिथेच पाटावर बसणार. आज हे सगळं किती क्षुल्लक वाटतं. तेव्हा मला वाटलं, माझं आयुष्य त्या ओघळावर अडलं आहे. मी तडक उकंडजींकडे गेले.

ते वर होते. मी खालूनच सांगितलं. त्यांनी हातातला कुजका बांबू खाली सोडला. मग हळू म्हणाले, "बाई, उघडं घर सोडून दुसऱ्याच्या छपरावर पाय ठेवू नाई. सोमवारी येतो."

"सोमवारी काय उपयोग, उकंडजी? एका कोपऱ्याचं तर काम आहे. एक दिवस."

ते खाली बघत राहिले. माझ्याकडे नाही, अंगणात कवेलू पुसत बसलेल्या पंचफुलाबाईकडे. ती उठली, हात झटकले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी रडवेली झाले असेन.

"जा नं जी," ती म्हणाली. "घर काय पयून जाते? पोरीचं काम हाय. मीबी येतो. एका दिसाचं तं हाय."

"आभाळ पाय," ते म्हणाले.

"आभाळ कोरडं हाय. अन् माह्या घरी उजेडाची सवय हाय मले."

असं म्हणून ती हसली, आणि मी पण हसले. मला हलकं वाटलं होतं.

शुक्रवारी ते आले. कोपऱ्यातलं कवेलू काढल्यावर खाली दोन बांबू कुजलेले निघाले. ते तसेच ठेवून वर कवेलू मांडणं उकंडजींच्याने झालं नसतं, आणि मीही तसं म्हटलं नाही. एकाचे दोन दिवस झाले. शनिवारी दुपारी पंचफुलाबाईने माझ्या घरात शेवटचा ठिपका विझवला. "झाला काय अंधार?" "झाला. उतरा आता." बिडी. "उतरा म्हन्लं नं जी!" जाताना तिने माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "रयवारी पिवळं लुगडं नेसजा," म्हणाली. ते दोघं घराकडे वळले तेव्हा दारव्ह्याच्या बाजूला आभाळ भरून आलं होतं.

ती झड पाच दिवस चालली. तिकडची झड ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही. गडगडाट नाही, वारा नाही, नुसतं एकसारखं पाणी, आणि काळी माती अशी चिकटते की बंडीचं चाक फिरत नाही. रविवारी मी पिवळं लुगडं नेसून बसले. कुणी आलं नाही. येणं शक्यच नव्हतं. पुढे त्या मंडळींनी दुसरीकडे जमवलं असं कळलं.

माझ्या घरात मात्र एक थेंब पडला नाही.

उघड्या छपरावर उकंडजींनी गोणपाटं, कपाशीच्या पऱ्हाट्या, घरातल्या सतरंज्या, काय काय टाकलं होतं. मंगळवारी सकाळी ते पाटलांकडे गेले. गोठ्यामागचे ते दोन पत्रे मागितले. पाटील चांगले होते, त्यांनी काही चिडवलं नाही, गडी सोबत देतो म्हणाले. उकंडजी थांबले नाहीत. दोन्ही पत्रे एकावर एक डोक्यावर घेऊन ते चिखलातून निघाले. मी तेव्हा शाळेत होते. मुलं आली नव्हती, मी एकटीच हजेरीपट चाळत बसले होते. खिडकीतून ते जाताना मला दिसले. पावसाचं पाणी पत्र्यावर पडून मोठा आवाज होत होता. मला वाटलं, बरं झालं, टिन मिळालं. मी तेवढंच वाटून घेतलं आणि पुन्हा हजेरीपटात पाहिलं.

ते घराशी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. पश्चिमेची भिंत आत पडली होती. पंचफुलाबाई चुलीपाशी होती.

उकंडजींनी पत्रे डोक्यावरून उतरवले नाहीत. कुणीतरी ते धरून खाली ठेवले, असं लोक सांगतात.

मी गेले होते. काय पाहिलं ते लिहीत नाही.

त्यानंतर त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला असता तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. तेरवी झाल्यावर महिनाभराने मी त्यांच्याकडे गेले. अर्ध्या उरलेल्या घरात, शाबूत भिंतीला टेकून ते बसले होते. मी म्हटलं, "उकंडजी, त्या गुरुवारी मी आले नसते तर..." ते वर बघत होते. अर्ध्या छपराकडे, जिथे ते संपत होतं तिथे.

"बाई, झडीत तुमच्या घरात पानी आलं काय?"

"नाही."

"मंग झालं," ते म्हणाले.

त्यांना राग आला नव्हता की त्यांनी तो गिळला होता, हे मला आजही ठरवता येत नाही. पुढच्या वर्षी अखजी झाल्यावर ते सगळ्यात आधी माझ्याकडे आले. मी म्हटलं, "माझं कशाला पहिलं? माझ्याकडे ना बाळंतीण, ना आजारी." ते म्हणाले, "बिनपुरुषाचं घर हाय." मग शिडी लावली. आत कोणाला ठेवायचं असा प्रश्न आला. मीच आत थांबले. पण मला काठी कुठे लावायची ते जमेना, ठिपका एकीकडे दिसायचा आणि मी ठोकायची दुसरीकडे. त्यांनी चार वेळा कवेलू सरकवलं, चार वेळा चुकलं. शेवटी ते आपणच खाली आले, दार लावून आत उभे राहिले, ठिपके मनात धरले, पुन्हा वर गेले. असं ते दिवसभर चढत-उतरत राहिले. सगळ्या गावात त्या वर्षी त्यांनी असंच केलं. "झाला काय अंधार?" हे त्यांनी कुठल्याच घरी विचारलं नाही. लोक म्हणू लागले, उकंड्याचा हात गेला. हात गेला नव्हता.

स्वतःचं घर त्यांनी तसंच ठेवलं होतं. ते दोन पत्रे अंगणात जिथे ठेवले तिथेच पडून होते, त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढला होता. पाटलांनी नवीन पत्रे घालून देतो म्हटलं, त्याला हो नाही, नाही नाही. मात्र पुढच्या हिवाळ्यापासून ते एकट्याने भिंत घालू लागले. खाली दगडांचा पाया, वर माती, रोज एक हात उंच. शाळेत जाता-येता मी ती भिंत वाढताना पाहायची. मी थांबत नसे. मला थांबवत नसे.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात माझी राळेगावला बदली झाली. मी मागूनच घेतली होती. सामान दोन पेट्या आणि एक वळकटी. बंडीवाल्याने सकाळी ते भरलं आणि आम्ही बोरी अरबच्या मोटारीसाठी निघालो. रस्ता उकंडजींच्या घरावरून जायचा.

ते छपरावर होते. अखजीला अजून आठ दिवस होते. गावातल्या एकाही घराला त्यांनी अजून हात लावलेला नव्हता. पश्चिमेची भिंत उभी राहिली होती, तिच्यावर नवे बांबू आणि त्यावर कवेलू चढली होती. मी बंडी थांबवली. त्यांना मी दिसले नसावे, त्यांची पाठ होती. त्यांनी आढ्याजवळचं एक कवेलू बसवलं, हात पुसले, आणि खाली न बघता म्हणाले,

"काव, झाला काय अंधार?"

बंडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी उतरले. दार उघडंच होतं. आत शिरून मी ते लावून घेतलं.

चूल नवी घातलेली होती, तिच्यात राख नव्हती. कोपऱ्यात वेळूची काठी उभी होती. वर तीन ठिपके होते, दोन भिंतीकडे आणि एक बरोबर चुलीवर. मी काठी घेतली. या वेळी मी घाई केली नाही. ठिपक्याच्या अगदी खाली उभी राहिले, एक डोळा मिटून दुसऱ्याने नेम धरला, मग ठक ठक केलं. वर काही क्षण काहीच हाललं नाही. मग पावलं आली. ठिपका विझला. दुसरा विझला. चुलीवरचा शेवटी विझला आणि मला माझा हात दिसेनासा झाला.

वरून कुणी विचारलं नाही. विचारून झालंच होतं.

"झाला," मी म्हटलं. "उतरा आता."

वर सामसूम. मग बिडीचा वास आला. मी अंधारात काठी धरून उभी होते. आता काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं. शंभर वेळा ऐकलं होतं, ओठांवर होतं. ते वर वाट बघत होते हेही मला ठाऊक होतं. पण ते शब्द तिचे होते, आणि ती माझ्यामुळे गेली होती. माझ्या तोंडून ते निघेनात.

बाहेर बंडीवाला हाका मारू लागला, मोटार सुटेल म्हणून. मी काठी होती तिथे ठेवली, दार उघडून बाहेर आले आणि बंडीत बसले. वळणावर मागे वळून पाहिलं तेव्हा बिडी कधीच संपली असणार. उकंडजी आढ्यावर तसेच बसून होते.